कपड्यांच्या खोलीतला घास

मालसुनच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. गुनसान या बंदराच्या गावातल्या इस्पितळात ती ब्योन आजोबांची देखभाल करायची. देखभाल म्हणजे रात्रंदिवस. झोपायचं तेही त्यांच्या खाटेखालचं बुटकं बाकडं बाहेर ओढून. आजोबा जन्मभर मासेमारीच्या बोटीवर राबलेले, आता फुप्फुसं पार कामातून गेलेली. मुलगा लांब, बुसान शहरात. साथ आल्यापासून भेटायला येणं बंद, एका रुग्णामागे एकच माणूस. म्हणजे आजोबांना उरलेली काय ती मालसुन.

"ही पेज आहे का भिंतीचा चुना?" आजोबा करवादायचे.

"चुना तर चुना. गिळा मुकाट्यानं!"

आणि गिळायचे! पण तिच्याच हातून. शरदातल्या सणाला ती दोन दिवस गावी गेली, तर बदलीच्या बाईपुढे म्हाताऱ्यानं दात घट्ट आवळले. शेवटी नाकातून नळी घालायची वेळ आली.

खोलीत सहा खाटा, सहा जणांची छाती अधू. त्यामुळे नियम कडक. मास्क काढायचा नाही. कडाक्याच्या थंडीतही खिडक्या उघडायच्या. देखभालीच्या बायांनी आपापला पडदा ओढून एकेकटीनं जेवायचं. नाम आडनावाची हेड सिस्टर रोज सकाळी दारात उभी राहून विचारायची, "ताप? खोकला? कुणाबरोबर जेवलात?" बाया वैतागायच्या. एकटं जेवायला आम्ही काय कैदी आहोत?

त्यातच कोबीची तिखट किमची मुरत घालायचे दिवस आले. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाकडे असलेल्या ओक्बुनच्या लेकीनं फाटकावर ताज्या किमचीचा डबा ठेवला. आता ताजी किमची कुणी पडद्याआड एकटं बसून खातं का? ती हातानं फाडायची, गुंडाळायची आणि दुसरीच्या तोंडात कोंबायची, तरच ती किमची. मालसुन, ओक्बुन आणि आणखी दोघी धुतलेल्या चादरींच्या खोलीत शिरल्या. दार लोटलं, मास्क हनुवटीवर उतरवले. ओक्बुननं एवढा मोठा घास मालसुनच्या तोंडात घातला, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. सगळ्या पोट धरधरून हसल्या.

दोन दिवसांनी ओक्बुनला ताप भरला आणि तिला हलवलं. उरलेल्या दोघींनी मालसुनला जिन्यात गाठलं. "तोंड उघडशील तर खबरदार! सगळ्यांचंच काम जाईल."

कामाचं राहू दे. मालसुनला ना ताप, ना खोकला. बोललं की दोन आठवडे बाहेर, आणि म्हातारा दात आवळून उपाशी मरणार. नाही बोललं तर त्याच्या तोंडाशी चमचा धरणार ती आपणच, आणि चमच्याबरोबर कदाचित रोगही.

सिस्टरनं विचारलं, "ओक्बुनताईंबरोबर मास्क काढून कोण बसलं होतं?"

दोघी लगबगीनं आपापल्या पडद्याकडे वळल्या.

"मी," मालसुन म्हणाली. "तिच्या हातचा घास खाल्लाय. आणि ह्या दोघीही होत्या."

"मेले!" दोघींतली एक कडाडली. "स्वतः बुडालीस ती बुडालीस, आम्हालाही बुडवलंस!"

मालसुनला खाटेजवळ जाऊ दिलं नाही. ती दारातूनच ओरडली, "आजोबा, येते हं!" म्हाताऱ्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. "जा, जा. तू तरी कशाला थांबशील!"

भाड्याच्या खोलीत तिसऱ्या दिवशी तिला ताप चढला. तपासणीत रोगच निघाला. त्या दोन दिवसांत म्हाताऱ्याला भरवलेला चमचा आठवून तिच्या अंगावर काटा आला. सहा खाटांवर मात्र कुणालाच काही झालं नाही.

पण आजोबा जेवेनात. शेवटी सिस्टरनं, ती नखशिखांत झग्यात गुंडाळलेली, त्यांच्या कानाशी फोन धरला.

"कधी येतेस?"

अजून कितीतरी दिवस होते. "उद्या," मालसुन म्हणाली. "पण आज जेवलात तरच."

दुसऱ्या दिवशी परत फोन. परत "उद्या". म्हातारा "खोटारडी!" म्हणून खेकसायचा आणि सिस्टरपुढे तोंड उघडायचा. रोज हेच चाललं होतं.

मग एका सकाळी फोनवर सिस्टर एकटीच बोलली. आजोबा झोपेतच गेले होते, साथीनं नाही, त्यांच्या जुन्या दुखण्यानं. संध्याकाळची पेज सगळी संपवली होती.

मालसुन ढसाढसा रडली. अंत्यविधीलाही तिला जाता आलं नाही.

आता तिच्याकडे एक आजी आहेत. कुणी विचारलंच तर मालसुन ठणकावून सांगते, सिस्टरला सांगितलं ते बरोबरच केलं, परत वेळ आली तरी सांगेन. पण झोपताना आजी विचारतात, "उद्या आहेस ना गं?" तेव्हा तिच्या तोंडून हो निघत नाही. पांघरूण सारखं करत ती म्हणते, "बघू."