कुंकू लागलेलं कार्ड

हिवरखेडचे पंजाबराव भाजी पिकवतात. लेक प्रतीक्षाला अमरावतीत ॲनिमेशनचं काम मिळालं, पण तिचा लॅपटॉप अडकायचा. पंजाबरावांनी विहिरीवरची मोटर विकून अकोल्यातून ग्राफिक्स कार्ड आणलं. नव्या यंत्राला लावतात तसं त्यालाही हळदकुंकू लावलं. मग दोघं अकोल्याच्या जठारपेठेत माझ्याकडे, रऊफ कॉम्प्युटर मेकॅनिककडे, आले.

मी म्हणालो, "काका, हे मोठ्या कॉम्प्युटरचं. लॅपटॉपचं बोर्डालेच जोडलेलं असते, बदलत नाही."

"ट्रॅक्टरचं इंजिन बदलते, याचं काहून नाही?"

बापलेकीला घेऊन मी कार्डाच्या दुकानात गेलो, दुकानदाराशी भांडलो. लॅपटॉप न बघता कार्ड विकणारा तो म्हणाला, "कुंकू लावलेला माल परत घेत नाही."

प्रतीक्षा तिथेच ओढणीने कुंकू पुसू लागली. ते कार्डाच्या पंख्यात आणखी आत गेलं.

"राहू दे माय," पंजाबराव म्हणाले. "घरी चाल. तिकडे वांगी वाळून राहिली."