निकम काकूंनी परत दिलेला डबा

आधीच सांगते, मी ह्यातली नाही. माझ्या स्कूटीला कुणी लिंबू-मिरची बांधलीच, तर ते लिंबू काढून सरबतात पिळेन अशी मी. नाशिकला भाड्याचा फ्लॅट घेतला तोही अमावास्येला... एजंटच घाबरला होता बिचारा. तुमच्या सदरातले अनुभव मी जेवता जेवता वाचते आणि खरं सांगायचं तर हसते. तरीही आज लिहायला बसले आहे, कारण हे पोटात ठेवून मला चैन पडत नाही.

मी मूळची परभणीची. बदली होऊन नाशिकला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. ऑफिस, पाथर्डी फाट्यावरचा फ्लॅट आणि कोपऱ्यावरचा किराणावाला, एवढंच माझं नाशिक. अशात वर्षाच्या नवऱ्याचा फोन आला. वर्षा माझी शाळेपासूनची मैत्रीण, परभणीतच असते.

"नीलूताई, वीकेंडला तिला तुमच्याकडे पाठवतो. जरा फिरवा, काहीतरी खायला घाला. माझं ऐकत नाही ती."

वर्षाची आई हिवाळ्यात गेली. हॉस्पिटलमध्ये होती, वर्षा रोज घरून डबा न्यायची. त्या दिवशी ती डबा घेऊन पोचली, तर आई नुकतीच गेलेली. तेव्हापासून ही एकच गोष्ट धरून बसली होती — आई माझ्यासाठी थांबली नाही. सगळे समजावून दमले. अन्न जाईना, झोप लागेना, आणि एका जागी बसणं तर तिला जमेचना.

शनिवारी सकाळची तिची गाडी मनमाडला रखडली. नाशिक रोड स्टेशनवर मी ताटकळत बसले होते. दुपारी उतरली, ती गालफडं आत, डोळे मोठे झालेले.

"घरी बॅग टाकू आधी," मी म्हटलं.

"नको गं. आधी कुठेतरी जाऊ."

मग बॅगेसकट आमची वरात निघाली. मला रस्ते ठाऊक नाहीत, मोबाइलचा नकाशा भलतीकडेच नेतोय. गोदाघाट शोधता शोधता भद्रकालीच्या बोळांत इतक्या फिरलो की एक रिक्षावाला म्हणाला, "ताई, नवीन दिसता नाशकात. गंगा मागं राहिली!" इथे गोदावरीला गंगा म्हणतात हेही मला तेव्हाच कळलं. घाटावर पोचलो, तर वर्षा म्हणाली, "चल." मिसळ मागवली. तिने सोबतच्या पापडाचे तुकडे तुकडे केले, रश्शात चमचा फिरवला आणि म्हणाली, "चल." सोमेश्वरच्या धबधब्यापाशी बूड टेकतं न टेकतं तोच "चल"! रात्री उशिरा घरी टेकलो, रविवारी उजाडताच पुन्हा तेच. पांडवलेण्याच्या अर्ध्या पायऱ्या चढून आम्ही परत फिरलो. मी मैत्रिणीला फिरवत होते की मैत्रीण मला, देव जाणे. शेवटी माझा तोल गेला.

"अगं, कशाच्या मागे लागली आहेस तू?"

मला लगेच वाईट वाटलं. स्कूटी घराकडे वळवली.

दुपारची वेळ, लख्ख ऊन. आम्ही जिना चढून आलो आणि समोरचं दार उघडलं. निकम काकू. सटाण्याकडच्या आहेत, बोलायला मोकळ्याढाकळ्या.

"कुठं असता गं पोरींनो? कालपासून बेल वाजवून वाजवून दमले. हा घे डबा. धपाटे लय भारी होते!"

"कुठला डबा, काकू?"

"काल दुपारी त्या बाई आल्या होत्या ना. तुझ्या दाराला कुलूप. म्हणल्या, परभणीहून आले, माझी पोरगी येतीय इथं. म्हटलं, डबा ठेवते मी, आली की देते. तर म्हणल्या, ती आता अन्नाला हात लावत नाय, गार झाले की वातड होतील, तुम्हीच नातवंडांना द्या. डबा तेवढा पोरीला द्या."

"दुसऱ्या कुणाकडे आल्या असतील," मी म्हटलं. सोसायटीत सगळे मजले सारखे, दारंही सारखी.

"नाव घेतलं की तुझं. नीलूकडं म्हणल्या."

तोवर वर्षाने डबा हातात घेतला होता. साधा स्टीलचा, कडीचा डबा. आपल्याकडे भांड्यांवर नाव कोरून घेतात ना, तसं झाकणावर बारीक ठिपक्यांनी कोरलेलं — कौसल्या. वर्षाच्या आईचं नाव.

"हा त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये राहिला," वर्षा म्हणाली. "मी, दादानं, किती शोधला. धपाटेच होते ह्यात."

तिने झाकण काढलं. आत साखर होती.

"ती माझी हाय," काकू घाईने म्हणाल्या. "डबा रिकामा कसा द्यायचा?"

मी सुचतील ते प्रश्न विचारत सुटले. दिसायला कशा होत्या? कशाने आल्या? वर्षाने मोबाइलमधला आईचा फोटो पुढे धरला. काकूंनी तो लांब धरून बघितला.

"ह्याच की. चष्मा नव्हता फक्त."

खोटं कशाला बोलू, घाबरले मी. वर्षा मात्र घाबरली नाही. ती भडकली.

"मग थांबली का नाही? काल दुपारी मी इथंच येत होते! तुम्ही थांबवलं का नाही तिला?"

काकू बावरल्या. त्या बिचारीला काय माहीत, फोटोतली बाई हिवाळ्यातच गेली ते.

"अगं, म्हटलं की मी. बसा, चहा घ्या, पोरी येतीलच. आतसुद्धा आल्या नाय, दारातच उभ्या. म्हणल्या, नको. ती दिसली की माझा पाय निघायचा नाय. म्हणून तर ती यायच्या आत निघते."

वर्षा होती तिथेच खाली बसली, जिन्याच्या पायरीवर. डबा मांडीत घेऊन रडली... आई गेली तेव्हाही अशी रडली नव्हती. मीही रडले. आम्हाला बघून निकम काकूही रडल्या, कारण न कळता. बऱ्याच वेळाने वर्षाने चिमूटभर साखर तोंडात टाकली. मग आणखी थोडी. नाक पुसत म्हणाली, "नीले, घरात काही आहे का गं खायला?"

सांगायला लाज वाटते, घरात दूध आणि अर्धा पाव होता. मग काकूंनीच पिठलं टाकलं. वर्षा त्यांच्या ओट्यापाशी भिंतीला टेकून, दुसऱ्यांदा भात मागून जेवली. एकदाही "चल" म्हणाली नाही.

सोमवारी तिला गाडीत बसवलं आणि मी छडा लावायच्या मागे लागले. वॉचमनने अशी कुणी बाई आत येताना पाहिली नाही. परभणीहून नातेवाइकांपैकी कुणीही नाशिकला आलं नव्हतं. माझ्या आईखेरीज माझा पत्ता तिकडे कुणाकडे नव्हता, आणि ती घरीच होती. निकम काकूंना खरी गोष्ट मी अजून सांगितलेली नाही... त्या एकट्या असतात दुपारच्या. वर्षाला विचारलं तर ती म्हणते, सोड ना आता. तिला सोडता येतं, मला येत नाही. ऑफिसात हिशेब जुळला नाही तर मी जेवायला न उठणारी बाई आहे.

भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. वर्षाची आई त्या शनिवारी आमच्या जिन्यावर येऊन गेली, ह्यावर मात्र आहे. ही दोन्ही माझ्या एकाच डोक्यात कशी राहतात, ते मला विचारू नका.