हे मी लावलं

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा ती दोन जावांमधली धाकटी होती, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला आणि थोरलीला जाऊन तेरा वर्षं झाली. थोरलीच उरली नाही तर ही कुणापेक्षा धाकटी, हा प्रश्न मात्र कुणाला पडला नाही. तिला स्वतःलाही नाही.

थोरली होती तेव्हा मळ्यातल्या कामाची वाटणी सरळ होती. थोरली लावायची, धाकटी पाणी घालायची. काय लावायचं, कुठे लावायचं, कधी उपटायचं, यात थोरलीचा शब्द शेवटचा आणि बहुतेक वेळा पहिलाही तोच. बाई मोठी फटकळ. एकदा धाकटीनं आपल्या मनानं भिंतीशी चार सूर्यफुलं पेरली, तर थोरलीनं ती रोपं उपटून दुसरीकडे नेली, वर धाकटीलाच ऐकवलं, आणि मग आठवडाभर स्वतःच त्यांच्या मागे मागे झारी घेऊन फिरली. जगली ती रोपं. पण त्यानंतर धाकटीनं काही लावलं नाही.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी शहरातल्या माणसांना मळ्यावर बोलवायचं, सकाळी बाग फिरवून दाखवायची आणि दुपारी तुतीच्या सावलीत लांब टेबलं मांडून जेवू घालायचं, ही कल्पनाही थोरलीचीच. चाळीसेक माणसं यायची, आधी फोनवर नाव सांगून. थोरली पुढे चालायची आणि बोलायची. हा पुदिना मी लावला, ही तुती मी लावली, हे डाळिंब मी लावलं आणि शेजाऱ्यांच्या शेळीनं दोनदा खाल्लं. लोक हसायचे. धाकटी सगळ्यांत मागे पाण्याचा जग घेऊन. मागे रेंगाळणाऱ्यांना पाणी द्यायचं आणि भाजीच्या वाफ्यांकडून फळबागेत जाताना मधलं फाटक सगळ्यांनंतर बंद करून कडी लावायची, नाहीतर फळबागेतल्या कोंबड्या वाफ्यांत शिरून सत्यानाश करत. अकरा उन्हाळे तिनं ते बोलणं मागून ऐकलं. इतकं की थोरली पुदिन्यापाशी धुळीनं खोकायची, तो खोकलाही तिला पाठ झाला.

मग थोरली आठ दिवसांच्या तापात गेली. रविवार महिन्यावर आला होता आणि नावं नोंदवून झाली होती. धाकटीचा नवरा म्हणाला, सगळ्यांना नको म्हणून कळवतो. धाकटी नको म्हणाली. थोरलीला अर्धवट टाकलेलं काम आवडत नसे, आणि मेलेल्या माणसाची नाराजी ओढवून घ्यायची धाकटीची छाती नव्हती.

त्या दिवशी ती पहिल्यांदा लोकांच्या पुढे उभी राहिली. चाळीस चेहरे तिच्याकडे बघतायत आणि जीभ टाळूला चिकटलेली. मग तोंड उघडलं आणि जे पाठ होतं तेच बाहेर आलं, जसंच्या तसं. “हा पुदिना मी लावला.” आणि पाठोपाठ ती खोकली.

नव्या लोकांना काय ठाऊक. जुन्यांपैकी दोघातिघांनी माना खाली घातल्या, पण दुःखातल्या बाईला टोकणार कोण. शेळीच्या वाक्याला लोक हसले. दुसऱ्या वर्षी ते ‘मी’ काढून टाकावं असं तिनं पक्कं ठरवलं होतं, पण ‘मी’ काढलं की वाक्यच मोडायचं आणि पुढचं काही आठवायचं नाही. तिसऱ्या वर्षी तिनं ठरवणंही सोडलं. एखादं झाड वाळलं तर ती त्याच जागी, त्याच जातीचं दुसरं आणून लावी, म्हणजे बोलण्यात कुठे फट पडायला नको. तेरा वर्षांत बागेत एकही नवी गोष्ट आली नाही.

एकच वाक्य तिच्या तोंडून कधी निघालं नाही. ते अंजिरापाशी होतं. त्यात ‘माझी लेक’ असे शब्द होते. धाकटीला मूल नव्हतं. दुसऱ्याची झाडं तिनं खुशाल आपली म्हटली, पण हे दोन शब्द काही केल्या तिच्यानं म्हणवत नसत. “हे अंजीर. चला पुढे,” एवढंच म्हणून ती लोकांना हलवायची.

आणि एक गोष्ट तिनं फक्त नवऱ्याला सांगितली होती. मागे पाण्याचा जग घेऊन चालणारी कुणी उरली नव्हती, तरी सगळी माणसं फळबागेत शिरली की दरवर्षी मागे कडी वाजायची. नवरा म्हणाला, शेवटच्या माणसानं लावली असेल, शहरातली असली तरी अक्कल असते काही जणांना. धाकटीनं एका वर्षी सगळ्यांत शेवटी आलेल्या निवृत्त शिक्षिकेला विचारून पाहिलं. बाई म्हणाल्या, “अहो, मला वाटलं तुम्हीच लावलीत.” त्या दिवसापासून बाग दाखवताना तिनं मागे वळून पाहणं बंद केलं. पुढे बोलत राहायचं. मागे कोण ऐकतंय ते तिला ठाऊक होतं, आणि ऐकणारी आपल्यावर खूश आहे की रागावली आहे, तेवढंच ठाऊक नव्हतं.

या वर्षी नवरा नावांची वही घेऊन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, ओळख, कोण येतंय. मग स्वतःच म्हणाला, भिंगरी.

भिंगरी म्हणजे थोरलीची लेक. एका जागी ठरत नसे म्हणून हे नाव. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बापानं तिला घेऊन शहर गाठलं, पुढे दुसरं लग्न केलं. भांडण काही झालं नव्हतं, पण येणंजाणं आटत आटत बंद पडलं. ती आता बावीस वर्षांची असणार. काकाकडे थेट घरी न येता तिनं चारचौघांसारखं नाव नोंदवलं होतं. एक जागा.

धाकटीनं वही हातात घेऊन ते नाव दोनदा वाचलं. म्हणजे पोरीच्या कानावर गेलं. आपल्या आईची बाग, आईचं बोलणं, आईचा खोकलासुद्धा काकूनं उचलला, हे तिला कुणीतरी सांगितलं आणि ती डोळ्यांनी बघायला येतेय. नवऱ्यानं समजूत घातली, इतकी वर्षं कुणाच्या पोटात दुखलं नाही, आता कशाला घाबरतेस.

“जिच्या पोटात दुखायला हवं तीच येतेय,” धाकटी म्हणाली.

आठ दिवस ती एकटीच वाफ्यांमधून बडबडत फिरली. हा पुदिना आमच्या जाऊबाईंनी लावला. ही तुती जाऊबाईंनी लावली. सासरच्या घरात शिरताना पदर सावरावा तशी प्रत्येक वाक्यापाशी थबकत होती. चोरीचा माल परत करायचा तर चारचौघांत, मालकासमोर करायचा, हे तिनं ठरवून टाकलं होतं.

रविवारी माणसं आली. भिंगरी सगळ्यांत शेवटी गाडीतून उतरली. आईचीच चाल, टाच जराशी घासत. भिंगरीनं लांबूनच हात केला आणि ती घोळक्यात मागे जाऊन उभी राहिली.

धाकटीनं सुरुवात केली. हा पुदिना माझ्या थोरल्या जाऊबाईंनी लावला. त्या आता नाहीत. खोकला आला, तो तिनं गिळला. डाळिंबापाशी शेळीचं सांगितलं, पण कुणी हसलं नाही, कारण वारलेल्या बाईच्या शेळीला कसं हसायचं ते लोकांना कळेना. निवृत्त शिक्षिका मध्येच म्हणाल्या, “दरवर्षी तर तुम्ही लावता. यंदा काय झालं?” दोघंचौघं हसली. धाकटीनं हात जोडले. म्हणाली, “दरवर्षी खोटं बोलत होते. मी फक्त पाणी घातलं.”

फळबागेत शिरल्यावर ती कान देऊन उभी राहिली. कडी वाजली, पण उशिरा, आणि अगदी हळू. अंजिरापाशी ती नेहमीसारखीच म्हणाली, हे अंजीर, चला पुढे.

जेवण चांगलं झालं. उकडलेली कणसं, बटाटे, काकड्या, ताजा पाव, लिंबाचं सरबत. नवऱ्यानं विनोद करून टेबलं हसती ठेवली. भिंगरी मात्र कणसाचे दाणे सोलून ताटाच्या कडेला लावत बसली, तोंडात एकही घातला नाही. ते बघून धाकटीनंही आपलं ताट बाजूला सारलं. माल परत केला तरी मालक काही बोलेना, याचा अर्थ तिनं आपल्या परीनं लावला.

लोक सावलीत पांगले तेव्हा भिंगरी मोरीपाशी आली. धाकटी भांडी विसळत होती. पोरीचे डोळे रडून लाल झाले होते.

“काकू, तू आज बदललंस ना सगळं? मी येणार म्हणून?”

धाकटीनं मान हलवली. म्हणाली, चुकलं माझं, तेरा वर्षं चुकलं.

“माझ्या ऑफिसातली एकजण मागच्या वर्षी आली होती,” भिंगरी म्हणाली. “तिनं गंमत म्हणून सांगितलं, एक बाई आहे, प्रत्येक झाडाला मी लावलं म्हणते आणि पुदिन्यापाशी खोकते. मी रात्रभर झोपले नाही. अगं, मला आईचा आवाज आठवत नाही. चेहरा फोटोत आहे, आवाज कुठेच नाही. मी आईला ऐकायला आले होते आणि तू नेमकं आजच...”

धाकटीचा हात पाण्यातच राहिला. तेरा वर्षं ज्याला ती चोरी म्हणत होती ते जपून ठेवलेलं होतं, आणि ज्या एका माणसासाठी ते जपलं गेलं, त्याच्यासमोर तिनं आज ते फेकून दिलं. तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

“आणि अंजिरापाशी आई काहीतरी म्हणायची,” भिंगरी म्हणाली. “सगळे वळून माझ्याकडे बघून हसायचे. मी लाजून पळून जायचे. काय म्हणायची गं ती?”

धाकटीनं हात पुसले. ते वाक्य तिनं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. न वापरलेली किल्ली गंजते तसं ते गंजून गेलं असेल की काय, अशी तिला भीती वाटली. ती एवढंच म्हणाली, “चल. पहिल्यापासून जाऊ. मधून नाही येत मला.”

भर दुपारच्या उन्हात दोघी निघाल्या. कुणी न सांगता भिंगरीनं पाण्याचा जग उचलला आणि ती मागे राहिली. पुदिन्यापाशी धाकटी उभी राहिली. बराच वेळ काही आलंच नाही. पान न पान आहे तिथे होतं, फक्त शब्द नव्हते. सकाळी तिनं त्यांना हाकलून दिलं होतं, आता बोलावलं तर येणार कशाला. मग तिनं डोळे मिटले आणि मागच्या माणसाला ऐकू जावं म्हणून थोरली काढायची तसा मोठा आवाज काढला.

“हा पुदिना मी लावला.”

खोकला आपसूक आला. मागे भिंगरीनं हुंदका दाबला तो तिनं ऐकला, पण ती थांबली नाही. थांबली असती तर परत सुरू झालं नसतं. तुती झाली, डाळिंब झालं, शेळीला भिंगरी रडत रडत हसली. फाटकातून दोघी फळबागेत आल्या. धाकटी अंजिरासमोर गेली आणि तिनं त्याच्या वाकड्या खोडावर हात ठेवला.

“हे अंजीर मी माझी लेक झाली त्या आठवड्यात लावलं. म्हटलं, बघू या, दोघांत आधी सरळ कोण उभं राहतंय. झाड अजून वाकडंच आहे. लेक नवव्या महिन्यात उभी राहिली, आणि तेव्हापासून एका जागी म्हणून थांबलेली नाही. आत्तासुद्धा बघा, पळाली. पण मी शोधत नाही तिला. कुठेही हुंदडत असली तरी अंजीर पिकलं की येतेच ती.”

भिंगरीनं जग खाली ठेवला. वर झाडाकडे पाहिलं. खालच्या फांद्यांवर सातआठ फळं पिकून मऊ झाली होती, एक पक्ष्यानं अर्धं खाल्लेलं. ती मातीतच बसली आणि लहान मुलीसारखी मोठ्यानं रडली. मग नाक पुसत म्हणाली, परत म्हण.

धाकटीनं परत म्हटलं. या वेळी शब्द तेच होते, पण आवाज तिचा स्वतःचा होता. ‘माझी लेक’ म्हणताना तो फाटला. तेव्हा तिला जाणवलं की मागे कडी वाजलेली नाही.

ती वाट बघत राहिली. पानं हलली, लांब सावलीत कुणीतरी हसलं. कडी वाजली नाही. तेरा वर्षांत पहिल्यांदा धाकटीनं मान वळवून मागे पाहिलं.

मागे कुणी नव्हतं. फाटक सताड उघडं होतं. दोघींमागून कुणीतरी यायचं राहिलं असावं, किंवा कुणीतरी त्यातून निघून गेलं असावं. एक कोंबडी तेवढी पलीकडे भाजीच्या वाफ्यात शिरून माती उकरत होती.

“जाऊबाई,” धाकटी हळूच म्हणाली. बस, एवढंच. मग ती परत गेली, कोंबडीला हुसकावून फळबागेत काढलं, फाटक ओढून घेतलं आणि आपल्या हातानं कडी लावली.