उघडी कबर आणि दुसरा खेळाडू

माणिकपूरच्या सायबर कॅफेत तो ट्रेलर आम्ही इतक्यांदा पाहिला की कॅफेवाला वैतागला. "अजून किती बघणार? त्यातून काय पिल्लं निघणार आहेत का?"

आम्ही म्हणजे मी आणि पापडी गावचा माझा मित्र. दोन हजारच्या दशकाचा मध्य. दोघेही नुकते नोकरीला लागलो होतो. ट्रेलर एका गेमच्या दुसऱ्या भागाचा होता. पहिला भाग दोघांनी मिळून खेळायचा. मित्र तो थोरल्या भावाबरोबर एकाच कीबोर्डवर खेळत आला होता: डावीकडची अक्षरं ह्याची, बाणांची बटणं भावाची. भावाचा शिपाई शेवटी मरायचा. कसंही खेळा, मरायचाच. नंतर भाऊ हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला.

ट्रेलरमध्ये एक दृश्य क्षणभर येई. उघडी कबर, कडेला मातीचा ढीग, क्रूस बाजूला टेकवलेला. इंटरनेटच्या फोरमवर जगभरच्या चाहत्यांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली होती. कुणी सावल्यांवरून पहाट ठरवली, कुणी ढिगाऱ्यात बोटांचे ठसे शोधले. निष्कर्ष एकच: शिपाई जिवंत आहे, दुसरा खेळाडू परत येणार. मित्राला ते सगळं पाठ होतं.

"पण तुमच्याकडे चर्चच्या दफनभूमीत कबर काही वर्षांनी उघडतातच की," मी म्हणालो. "जागा पुढच्याला द्यायला."

"ती आपली पापडी. त्या गेमवाल्यांकडे जागेची टंचाई आहे काय?" तो हसला. "तू गप बघ. येतोय तो."

तो गेमबद्दलच बोलतोय, असं मी तेव्हा धरलं.

काही आठवड्यांनी त्यांच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, कुणी वारलं आणि भावाच्या कबरीची पाळी आली. अस्थी काढताना घरच्या माणसाने हजर राहायचं असतं. वडील हयात नव्हते. आईने जाणार नाही म्हणून सांगितलं. मित्र गेला, सोबत मी.

खणणाऱ्याने आधी क्रूस उपसून भिंतीला टेकवला, मग माती एका बाजूला काढली. कवटी, लांब हाडं, पट्ट्याचं बक्कल. शर्ट जवळजवळ शाबूत होता.

"हे नायलॉन काय सडत नाय, बाबा," तो म्हणाला. "पुढल्या टायमाला सुती घाला."

मित्राने मान हलवली. फादरांनी प्रार्थना म्हटली, अस्थी कोपऱ्यातल्या सामाईक कुंडात गेल्या. दुपारच्या दफनासाठी खड्डा तसाच उघडा ठेवला. मित्र पायथ्याशी उभा राहिला, मग दोन पावलं मागे सरकला.

"इथूनच घेतलीय ती फ्रेम," तो म्हणाला.

संध्याकाळी कॅफेत त्याने फोरमवर इंग्रजीत लिहिलं: तो मेला आहे. जागा दुसऱ्या कुणाला हवी होती.

उत्तरं लगेच आली. तू गेमच्या कंपनीत कामाला आहेस का? आमची मजा घालवलीस. खोटारडा. पुरावा दे. फोटो आहे का? त्याने सगळी वाचली आणि उठला. त्या कॅफेत तो परत आला नाही.

गेम आला तेव्हा त्यात एकच खेळाडू होता. शिपायाचा उल्लेखही नव्हता. फोरमवर लोक मित्राला शोधू लागले. काहींनी माफी मागितली; बाकीचे तिसऱ्या भागात काय होणार ते विचारत होते. मी फोन करून त्याला हे कळवलं.

"मला काय ठाऊक," तो म्हणाला. आईला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून त्याने फोन ठेवला.