उखळाचं वजन

मुलीकडे अमेरिकेत, ओक्लाहोमाला गेलो होतो, तेव्हा तिथल्या आठवडी बाजारात दोन बायका शेजारी बसलेल्या दिसल्या. एक चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी; दुसरी कृष्णवर्णीय. दोघींपुढे आपापलं लाकडी उखळ. अक्रोडासारखी टणक फळं कुटून त्या लाडू वळत होत्या; ते गरम पाण्यात विरघळवले की सार होतं.

"दोघींची रीत इतकी सारखी कशी?" मी विचारलं.

"आमचे पूर्वज एकाच वाटेने आले," चेरोकी बाई म्हणाली. "गोऱ्यांनी पूर्वेकडच्या आमच्या मुलखातून हुसकावलं तेव्हा, चालत."

"हो," दुसरी कुटता कुटता म्हणाली, "माझे पूर्वज हिच्या पूर्वजांचं सामान डोक्यावर घेऊन."

चेरोकींमधल्या पैसेवाल्यांनी गुलाम ठेवले होते, हे मला ठाऊकच नव्हतं. दुरून आपण सगळ्या गांजलेल्यांना एकाच पंगतीला बसवून मोकळे होतो. नव्या मुलखात चेरोकींनी पुन्हा घरं बांधली, शाळा काढल्या; त्या घरांतलं उखळ मात्र कित्येक वर्षं गुलाम बाईच्याच हातात राहिलं. साराची चव तीच, फक्त आधी कोण जेवायचं, एवढाच फरक. आणि हे 'एवढाच' आपल्याकडच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

बाजार उठला. कृष्णवर्णीय बाई आपलं उखळ उचलायला वाकली, तेवढ्यात चेरोकी बाईने ते खांद्यावर घेतलं आणि ती तिच्या गाडीकडे चालू लागली.

"सांभाळून गं, जड आहे ते!" कृष्णवर्णीय बाई मागून ओरडली, आणि आपल्या रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून क्षणभर तशीच उभी राहिली.