एकेचाळीस नंबरचा पडीक माळ

"तुमच्याच नकाशात इथे पडीक लिहिलंय, मॅडम," लिमये सर म्हणाले आणि त्यांनी घडी घातलेला कागद माझ्यासमोर उघडला. नकाशा आमचाच होता. खाली 'तयार करणार'च्या रकान्यात नावही माझंच होतं.

कर्वेनगरच्या बाजूने टेकडी चढलं की वर जो माळ लागतो, तिथे आम्ही उभे होतो. ऑगस्टमधला शनिवार, गवत गुडघ्यापर्यंत आलेलं. त्यात चुन्याच्या फक्कीने खड्ड्यांसाठी पांढरे गोल आखले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या मंडळाची शंभरेक माणसं कुदळी घेऊन येणार होती आणि हा माळ झाडांनी भरून टाकणार होती. ते कळल्यावर मी सकाळीच वर आले होते.

माझं काम नकाशे करण्याचं. शहरात इथली मूळची झाडंझुडपं कुठे उरलीत आणि त्यांत कोण पशुपक्षी राहतात, ते दाखवायचं, म्हणजे कुठली जागा राखायची ते ठरवता येतं. उपग्रहाचा फोटो कॉम्प्युटरला दिला की तो त्याचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याला, म्हणजे पॅचला, एक नाव देतो. ते नाव बरोबर आहे का, हे मग माणसाने पायी जाऊन बघायचं. याला ग्राउंड ट्रुथिंग म्हणतात.

आमचा फोटो मे महिन्यातला होता. मेमध्ये गवत वाळून मातीच्या रंगाचं होतं. कॉम्प्युटरने एकेचाळीस नंबरच्या पॅचला, म्हणजे या माळाला, पडीक म्हटलं. ड्राफ्टची घाई होती, मी टेकडीवर न जाता तो पुढे पाठवला. जागा पडीक म्हटल्यावर संबंधित खात्याने ती वृक्षारोपणाला दिली. यात कोणाचंच काही चुकलं नाही, माझं सोडून.

मी बाजूला जाऊन मॅनेजरना फोन केला.

"करेक्शन टाक ना," ते म्हणाले. "फॉर्म, फोटो, स्थानिक साक्षीदाराची सही. पुढच्या मीटिंगला घेतील."

"खड्डे उद्या आहेत."

"मग उद्या संध्याकाळी तो खरंच पडीक झालेला असेल. करेक्शनच लागणार नाही."

त्यांनी फोन ठेवला. मी सरांकडे परत आले आणि सरळ सांगितलं, "सर, नाव चुकलंय. चूक माझी आहे. हे पडीक नाही, मूळचं माळरान आहे. चंडोल इथे गवताच्या बुंध्याशी, जमिनीवर घरटं करतो. झाडांची सावली पडली की हे गवत जातं आणि मग तोही जातो."

"गवत," सर म्हणाले. "आम्ही वीस वर्षं कॅनने पाणी वाहतोय या टेकडीवर. तेव्हा आपण कुठे होतात?"

"कॉलेजात."

"तरीच."

सर गणिताचे निवृत्त शिक्षक. शेजारच्या उतारावरची ग्लिरिसिडियाची राई त्यांनी एकेक रोप जगवून उभी केलेली. अशा माणसाला गवतासाठी थांबा म्हणणं अवघडच. चंडोल वगैरे नंतर, आधी आपल्या एका आळसामुळे हा माळ जाणार, याचीच लाज वाटत होती.

शेवटी मी पिशवीतून क्वाड्रॅट काढला. नाव भारदस्त आहे. प्लास्टिकच्या चार पाइपांची एक मीटरची चौकट असते ती. जमिनीवर टाकायची आणि आत किती जातींच्या वनस्पती आहेत त्या मोजायच्या.

"द्या इकडे," सर म्हणाले. "तुम्ही सोयीच्या जागी टाकाल."

त्यांनी पाठ फिरवून चौकट डोक्यावरून मागे भिरकावली. मग मांडी घालून बसले, रुमाल पसरला आणि प्रत्येक वेगळी काडी रांगेत मांडायला लागले. मी नावं सांगत गेले: पवन्या, कुसळी, मारवेल. निळ्या फुलाची नभाळी. पिवळा कवळा.

"याचं नाव?"

"आत्ता आठवत नाही. पण वेगळं आहे."

"नाव येत नाही आणि नकाशा काढता," ते म्हणाले आणि तीही काडी रांगेत ठेवली.

रुमालावर एकोणीस झाल्या. सरांनी पुन्हा मोजल्या. एकोणीसच. मला वाटलं, झालं काम. सर उठले, चौकट उचलली आणि आपल्या राईकडे चालू लागले. मी स्वतःहून त्यांना तिथे नेणार नव्हते.

राईत त्यांनी तशीच पाठ फिरवून चौकट टाकली. आत वाळका पाला होता. तो त्यांनी हाताने बाजूला सारला. खाली ग्लिरिसिडियाचंच एक पिल्लू आणि गाजरगवताची दोन रोपं.

"जाती दोन," सर म्हणाले. "दोन्ही बाहेरच्या ना?"

"हो. अमेरिकेकडच्या."

"कमी पाण्यात जगतं म्हणून खात्यानेच दिली होती रोपं."

मग त्यांनी फॉर्म मागितले. एकेचाळीसवर सही केली. खालचा फॉर्म शेजारच्या पॅचचा, म्हणजे त्यांच्या राईचा होता. त्यात 'अधिवास म्हणून मूल्य' हा रकाना मी कोरा ठेवला होता.

"हा का भरला नाही?"

"ऑफिसात जाऊन भरते."

"कोऱ्या उत्तराला आम्ही शून्य द्यायचो. भरा."

मी 'कमी' असं लिहिलं. माझं अक्षर बरंच बारीक आलं. सरांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि पूर्ण नावानिशी सही केली.

दुपारी त्यांच्या मंडळाच्या ग्रुपवर सरांचा मेसेज पडला: 'उद्याचे खड्डे रद्द. शंका असल्यास टेकडीवर येऊन स्वतः मोजावे.' सात-आठ जण आले आणि खरंच मोजत बसले. दोघांनी ग्रुप सोडला.

माझी दुरुस्ती मंजूर व्हायला चार महिने लागले. एक शब्द बदलायचा होता. सरांनी आपल्या वीस वर्षांपुढे 'कमी' लिहवून घेतलं, त्याला एक सकाळ पुरली होती.

हल्ली टेकडी चढल्याशिवाय मी कुठेही पडीक लिहीत नाही. ड्राफ्ट उशिरा जातात. मॅनेजर ओरडतात, आणि मी ऐकून घेते.