मैदानावरची चौकशीबाई

बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत ती बसायला लागली तेव्हा तिचं लग्न नुकतंच झालं होतं. समोर एक जाडजूड माइक, डाव्या हाताला गाड्यांचा तक्ता आणि काचेपलीकडे सदा वैतागलेली माणसं. गाडी वेळेवर असली तर कुणी विचारायला येत नाही. खिडकीशी येतो तो कावलेला माणूसच. पण तिच्या बोलण्यात काहीतरी होतं. ती गाडी रद्द झाल्याचं सांगायची, तर माणसं हातातली पिशवी खाली ठेवून निमूट पुढच्या गाडीची वाट बघत बसायची. सगळं स्थानक तिला चौकशीबाई म्हणायचं.

त्याच गावात एक फुटबॉल क्लब होता. देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये खेळायचा, पण तिथं कसाबसा तग धरून होता. बाकीच्या क्लबांकडे बडे मालक, परदेशी खेळाडू, चकचकीत स्टेडियम. यांच्याकडे समोरासमोर लाकडी बाकांच्या दोन जुन्या गॅलऱ्या, पत्र्याचं छप्पर आणि भाबडे पाठीराखे. हंगाम संपत आला की गुणतालिकेच्या तळाशी यांचं नाव लोंबकळताना दिसायचं आणि गावाचा जीव टांगणीला लागायचा.

या क्लबचे सेक्रेटरी रोज बसनं ये-जा करत. एकदा त्यांची गाडी रद्द झाली. चौकशीबाईंची सूचना ऐकून ते खिडकीशी आले. ती मनाशी म्हणाली, आता हे भांडणार.

"बाई," सेक्रेटरी म्हणाले, "गाडी रद्द झाल्याचं तुम्ही असं सांगितलंत, की मला वाटलं बक्षीसच लागलं."

"माफ करा, पुढची गाडी—"

"गाडी जाऊ द्या हो. आमचे सूचना देणारे गायनमास्तर लेकीकडे राहायला गेले. मैदानावर माइकवर बोलायला माणूस हवाय. आमचा क्लब लोकांना दर आठवड्याला वाईट बातमी देतो. ती सांगायला तुमच्यासारखंच कुणीतरी पाहिजे."

तिला हसू फुटलं. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो चष्म्याच्या काचा पुसता पुसता थांबलाच. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि तो पक्का नदीपलीकडच्या क्लबचा. लहानपणापासून. या दोन क्लबांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

"म्हणजे माझी बायको आता शत्रूच्या गोटात?" तो म्हणाला.

"शत्रूबित्रू काही नाही. रविवारी दुपारी दोन तास बोलायचं."

"ते तू इथंही बोलतेसच की," आतून सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ताबडतोब परवानगी दिली. रविवारी दुपारी घर शांत राहील, हा त्यांचा हिशेब.

सूचना देण्याची खोली म्हणजे पश्चिमेच्या गॅलरीच्या माथ्यावर ठोकलेली फळ्यांची पेटीच होती. उन्हात तापायची, वाऱ्यात कुरकुरायची. पहिल्याच सामन्यात पाहुण्यांनी गोल केला. तिनं माइक ओढला आणि स्थानकावरच्याच सुरात सांगितलं, "पाहुण्या संघाचा गोल झालेला आहे. गोल करणारे खेळाडू, क्रमांक अकरा. त्यांचं अभिनंदन."

मैदानात शिट्ट्यांचा पाऊस पडला. सेक्रेटरी धापा टाकत वर आले.

"बाई, त्यांचा गोल असा नाही सांगायचा! पडेल आवाजात सांगायचा, भराभर. उरकून टाकायचा."

"का? आलेली गाडी आपली-परकी असते का?"

सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. पण तिनं सूर बदलला नाही. हळूहळू लोकांना त्याची चटक लागली. पाहुण्यांचे खेळाडू म्हणे गोल केल्यावर वरच्या पेटीकडे बघून हात हलवायचे. घरच्या पाठीराख्यांनाही त्याचा अभिमान वाटू लागला. आम्ही हरतो, पण आमच्याकडे हरणंसुद्धा ऐकण्यासारखं असतं, असं ते बाहेरगावच्या लोकांना ऐकवत.

खेळ तिला पुढे कळायला लागला. ऑफसाइड तेवढा फार उशिरा कळला आणि तोही सासूबाईंनी समजावला. घर मैदानापासून जवळ होतं. वारा इकडचा असला की तिचा आवाज छपरांवरून थेट स्वयंपाकघरात यायचा. सासूबाई खिडकी उघडून बसायच्या आणि नुसत्या आवाजावरून सामना जुळवायच्या. ती घरी आली की तक्रार ठरलेली: "सगळ्या गावाशी इतकं गोड बोलतेस, मला मात्र 'हो', 'नाही', 'बघू'." पण शेजारीण आली की त्याच सांगायच्या, "ऐका, आमची सून बोलतेय."

नदीपलीकडच्या क्लबाशी सामना म्हणजे घरात उभा दावा. नवरा सकाळपासून अबोला धरायचा आणि पाहुण्यांच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. एका वर्षी त्याचा क्लब जिंकत होता आणि तो बाकावर उभा राहून नाचत होता. तिनं वरून बघितलं. माइक उघडला.

"एक सूचना. पाहुण्यांच्या कोपऱ्यात बाकावर उभ्या असलेल्या, करड्या कोटातल्या चष्मेवाल्या गृहस्थांनी खाली बसावं, आणि घरी येताना दूध घेऊन यावं."

सगळं मैदान वळून बघायला लागलं. चष्मेवाला लाजून लाल झाला. आणि त्या संध्याकाळी त्याच्या हातात दूध होतं, वर अबोलाही संपला होता.

असे ते दिवस. मुलगी झाली, मोठी झाली, शाळेत जायला लागली. क्लब मात्र होता तिथंच, तळाशी हातपाय मारत.

मग तो हंगाम आला. शेवटचा सामना, बरोबरी साधली तरी वरच्या लीगमधली जागा टिकणार होती. मैदान खच्चून भरलं. चष्मेवालाही त्या दिवशी वैर विसरून लेकीला घेऊन आला. त्यांना पूर्वेच्या गॅलरीत, मधल्या रांगेत जागा मिळाली होती. लेकीनं वरच्या पेटीकडे बघून रुमाल हलवला. आईनं माइकवर बोटानं टकटक केलं. दोघींची खूण ती.

मध्यंतरानंतर सामना बरोबरीत होता. सगळ्यांचे डोळे चेंडूवर. आणि तिला पूर्वेच्या गॅलरीखालून, चहाच्या स्टॉलच्या बाजूनं, धूर वर येताना दिसला. आधी बारीक, चुलीचा असावा तसा. मग काळा. फळ्यांच्या फटींतून तो बाकांच्या मध्ये निघायला लागला. खालच्या रांगेतला एक जण उठून ओरडला. त्याच्यामागचे उठले. वरच्या रांगांतले लोक मागच्या अरुंद जिन्याकडे वळायला लागले, आणि तिला कळलं, आता हे सगळे त्या एका जिन्यात घुसणार.

सेक्रेटरी केव्हाच खाली धावले होते. काय बोलायचं ते सांगायला कुणी नव्हतं. रुमाल कुठे दिसत नव्हता. लेकीला नावानं हाक मारावी, एवढंच तिच्या ओठांवर होतं.

तिनं माइक ओढला आणि तोंडातून आलं ते रोजचंच.

"पूर्वेच्या गॅलरीतील सर्व प्रवाशांना सूचना."

एक क्षण गेला. मग कुणीतरी हसलं. प्रवाशांना! हसू रांगांमधून पसरत गेलं आणि जिन्याकडे रेटणारी माणसं मान वळवून वर बघायला लागली.

"घाई करू नये, सर्वांना जागा आहे. मैदानाकडचं कुंपणाचं दार उघडण्यात येत आहे. पंच महाशय, आपण कृपया खेळ थांबवावा. खालच्या रांगेतल्या प्रवाशांनी आधी मैदानात उतरावं. त्यांच्यामागच्या रांगेनं थोडी वाट बघावी. मुलांना कडेवर घ्यावं. मागच्या जिन्यानं कुणीही जाऊ नये, तो जिना आज बंद आहे."

जिना बंद बिंद नव्हता. पण तिनं गाडी रद्द करावी तसा तो रद्द करून टाकला, आणि लोकांनी ऐकलं. पंचांनी शिट्टी फुंकली. दोन्ही संघांचे खेळाडू धावत जाऊन कुंपणाची दारं धरून उभे राहिले आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात देऊन उतरवायला लागले. ती रांगेमागून रांग सांगत गेली. मधली रांग आली तेव्हा तिनं लेकीला शोधलं नाही; शोधलं असतं तर आवाज फुटला असता, असं ती पुढे सांगायची. ती फक्त पुढची रांग बघत राहिली.

गॅलरी रिकामी झाली आणि मग ज्वाळा वर आल्या. बंब आले. लाकडाला आग लागायला कितीसा वेळ? छप्पर कोसळलं. पण आत कुणीही नव्हतं. कुणाचा पाय मुरगळला, कुणाची चप्पल गेली, एवढंच नुकसान.

ती पेटीतून उतरली तेव्हा नवरा लेकीला कडेवर घेऊन पेटीच्या जिन्याशी उभा होता. लेक आता कडेवर मावण्याएवढी लहान राहिली नव्हती, तरी. दिवसभर बोलणारी बाई, पण नवऱ्याच्या कोटाची बाही धरून नुसती उभी राहिली.

"घाबरला होतात?" शेवटी तिनं विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला. "तुझा आवाज ऐकला आणि वाटलं, गाडीला उशीर होणार, एवढंच." चष्मा काढून तो काचा पुसत राहिला.

उरलेला सामना पुढच्या आठवड्यात परगावी, रिकाम्या मैदानावर झाला. क्लब हरला आणि खालच्या लीगमध्ये गेला. गावानं सुतक पाळल्यासारखे दिवस काढले. पण नव्या हंगामात, खालच्या लीगमध्ये, पत्र्याच्या तात्पुरत्या गॅलरीत जेव्हा लोक आले तेव्हा गळ्यात क्लबच्या रंगाचे मफलर आणि त्यावर एकच शब्द विणलेला: प्रवासी. तेव्हापासून त्या क्लबच्या पाठीराख्यांना तेच नाव पडलं. इतर गावचे लोक चिडवायला म्हणायचे, हे मिरवायला.

पुढची बरीच वर्षं अशीच गेली. वर चढायचं, खाली घसरायचं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या. रविवारी कितीही गार वारा असो, खिडकी उघडायला लावायच्या. एकदा ती सामन्यावरून आली तर त्या म्हणाल्या, "आज दुसरा गोल सांगताना तुझा आवाज जरा बसला होता. आल्याचा चहा घे." त्यानंतर लवकरच त्या गेल्या. पुढच्या रविवारी पेटीत बसल्यावर तिला वाटलं, आपण कुणाशी बोलतोय? मग सामना सुरू झाला आणि बोलावं लागलं.

पुढे क्लबला मोठा मालक मिळाला. गावाबाहेर नवं स्टेडियम झालं, त्यात प्रचंड पडदा, कान बधिर करणारं संगीत आणि एक तरुण उद्घोषक. गोल झाला की खेळाडूचं नाव श्वास संपेपर्यंत ताणणारा. क्लबनं तिला शाल दिली, फुलं दिली, पहिल्या रांगेचं कायमचं तिकीट दिलं. ती एकदा जाऊन आली. "छान आहे," म्हणाली, "पण पाहुण्यांचा गोल झाला तर तो मुलगा काहीच बोलत नाही. झालाच नाही जणू." पुन्हा काही गेली नाही. बसस्थानकातूनही ती निवृत्त झाली.

जुन्या मैदानाच्या जागी इमारती उठल्या आणि लेकीनं नेमकं तिथंच घर घेतलं. आता दर रविवारी दुपारी नवरा-बायको लेकीकडे जातात. पेनल्टीची जागा स्वयंपाकघरात येते की वाहनतळात, यावर चष्मेवाल्याचं आणि जावयाचं दर वेळी वाजतं. जावयाला फुटबॉलमधलं काही कळत नाही. सासऱ्यांना चिडवायला तेवढा तो भांडतो.

मागच्या रविवारी दोघं लिफ्टमध्ये शिरली. आत एक म्हातारे गृहस्थ होते, हातात भाजीची पिशवी.

"चौथा मजला दाबता का, कृपया?" ती म्हणाली.

गृहस्थांचं बोट तसंच हवेत राहिलं. "तुम्ही... पेटीतल्या बाई?"

"हो."

"मी तेव्हा पूर्वेच्या गॅलरीत होतो. खालून दुसरी रांग. बाई, एक कराल? त्या वर्षीचा संघ सांगा ना. तुम्ही सांगायचात तसा."

तिनं आढेवेढे घेतले. मग घसा साफ केला. गोलरक्षक, लांब्या. क्रमांक दोन, सुताराचा मुलगा. तीन, चार, पाच. लिफ्ट वर गेली, कुणीतरी बोलावली म्हणून पुन्हा खाली आली. तिघांपैकी कुणी उतरलं नाही. सहावर ती अडली. गृहस्थांनाही आठवेना.

"डावखुरा होता. केस कुरळे," ते म्हणाले.

"मला ठाऊक आहे कोण तो," चष्मेवाला नाइलाजानं म्हणाला. "बेकरीवाल्याचा थोरला. आमच्याविरुद्ध दोन गोल मारले होते मेल्यानं. विसरेन कसा?"

"क्रमांक सहा," ती ताठ उभी राहून म्हणाली, "बेकरीवाल्यांचे थोरले चिरंजीव."

चौथ्या मजल्यावर लेक दार उघडून उभी होती. आईबाबा लिफ्टच्या जाळीच्या दारातून खाली जाताना दिसतात, वर येताना दिसतात, पण बाहेर काही पडत नाहीत. "चहा गार होतोय!" ती जिन्यातून ओरडली. खालून उत्तर आलं ते सातव्या क्रमांकाचं.